खुल्या समुद्रातील प्लवकांच्या वाढीचा वेग कसा अजमावतात?

जमिनीवरील गुराढोरांचे पोषण ज्याप्रमाणे शेवटी गवत व झाडपाला यांवर अवलंबून असते, त्याचप्रमाणे समुद्रातील बहुतेक सर्व जीवांचे पोषण पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म वनस्पतींवर अवलंबून असते. तारली, बांगडा, सुरमई, कुपा या सर्वांचे मूळ अन्न हेच. म्हणून समुद्रातून किती मासळी मिळू शकेल याचा विचार करावयाचा झाल्यास, या वनस्पती किती आहेत आणि त्या किती वेगाने वाढतात हे दोन्ही प्रश्न सोडवावे लागतात. पहिला प्रश्न सोपा आहे. दुसरा मात्र शास्त्रज्ञांना अनेक वर्षे कठीण गेला.

पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबे भातशेतीबरोबर मासेमारीही करतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून संभाव्य मत्स्यक्षेत्राच्या सूचना या गावांपर्यंत पोहोचतात. या सूचना पाण्यातील हरितद्रव्य व पृष्ठभागाचे तापमान यांवरून तयार केलेल्या असतात. हिरवे पाणी म्हणजे सुपीक आणि निळे पाणी म्हणजे ओसाड, असा अर्थ त्यांतून सहज काढला जातो. हा अर्थ अपुरा का आहे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांना नीट सांगता यावे, यासाठी हा पाठ दिला आहे.

प्लवक म्हणजे काय?

पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध जाण्याची शक्ती नसलेले आणि पाण्याबरोबर वाहत राहणारे जे जीव, त्यांना प्लवक असे म्हणतात. त्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पती-प्लवक आणि त्यांच्यावर किंवा एकमेकांवर जगणारे ते प्राणि-प्लवक.

वनस्पती-प्लवक बहुधा एकाच पेशीचे असतात. पेशी वाढते आणि दुभंगून तिच्या दोन पेशी होतात. खुल्या समुद्रात विपुल आढळणारा प्रोक्लोरोकॉकस हा जीव इतका लहान आहे की, त्याच्या दीड हजारांहून अधिक पेशी एका ओळीत मांडल्या, तर त्या एका मिलिमीटरात मावतील. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात त्याच्या लाखभर पेशी सापडू शकतात. असे असूनही शास्त्रज्ञांना त्याचे अस्तित्व १९८० नंतरच्या दशकातच कळले. सॅली चिशोम, रॉबर्ट ओल्सन व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली.

उभे पीक आणि वाढ यांतील भेद

गावाच्या गायरानाचे उदाहरण घ्यावे. गायरानात रोज गुरे चरतात आणि गवत सदैव बोटभरच दिसते. केवळ नजरेने पाहणारा म्हणेल, येथे गवत वाढतच नाही. परंतु त्याच गायरानाच्या एका गुंठ्याला कुंपण घालून गुरे बाहेर ठेवली, तर थोड्याच दिवसांत तेथे गुडघाभर गवत उभे राहील. गवत वाढत होतेच. वाढेल तेवढे खाल्ले जात होते.

खुला समुद्र हे असेच एक गायरान आहे. पृथ्वीवरील वनस्पती वर्षाकाठी जेवढे निव्वळ उत्पादन करतात, त्यांपैकी जवळजवळ निम्मे उत्पादन समुद्रातील वनस्पतींचे असते. कार्बनच्या वजनात सांगावयाचे तर ते वर्षाला सुमारे ४५ ते ५० अब्ज टन भरते. परंतु कोणत्याही एका दिवशी समुद्रात उभे असलेले हे पीक केवळ सुमारे १ अब्ज टन कार्बनएवढेच असते. याचा अर्थ असा की, हे पीक सरासरीने आठवड्याभरात एकदा संपूर्ण नव्याने तयार होते आणि तितकेच नाहीसेही होते. जमिनीवरील झाडाझुडपांच्या बाबतीत अशा एका पालटाला अनेक वर्षे लागतात.

पाण्याचा हिरवेपणा पाहून केवळ उभे पीक कळते, वाढ कळत नाही. वाढ समजून घ्यावयाची तर शिल्लक, जमा व खर्च ही तिन्ही कलमे वेगवेगळी मांडावी लागतात. पेशींचे दुभंगणे ही जमा. चरणाऱ्या जीवांनी खाणे, तळाकडे बुडणे व रोगाने मरणे हा खर्च.

वाढीचा वेग सांगण्याची रीत

पेशी दुभंगून वाढतात. म्हणून त्यांची वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. एका दिवसात १,००० पेशींच्या २,००० झाल्या, तर दुसऱ्या दिवशी ३,००० न होता ४,००० होतील. अशा वाढीचा वेग काढण्यासाठी शेवटच्या संख्येला आरंभीच्या संख्येने भागावे, येणाऱ्या पटीचा नैसर्गिक लघुगणक घ्यावा आणि त्याला दिवसांच्या संख्येने भागावे. लघुगणक कोष्टकात अथवा गणकयंत्रावर मिळतो.

वरील उदाहरणात पट २ आहे व २ चा नैसर्गिक लघुगणक ०.६९ आहे. म्हणून वाढीचा वेग दररोज ०.६९ झाला. दोन दिवसांचा हिशेब केला तर पट ४ येते, तिचा लघुगणक १.३९ येतो आणि त्याला २ ने भागल्यास उत्तर पुन्हा ०.६९ हेच मिळते. उलटपक्षी, ०.६९ ला वाढीच्या वेगाने भागले असता पेशींची संख्या दुप्पट होण्यास लागणारे दिवस मिळतात.

या रीतीचा मोठा फायदा असा की, वेगांची सरळ वजाबाकी करता येते. वाढीच्या वेगातून चराईचा वेग वजा केला की, प्रत्यक्ष दिसणारा बदल मिळतो. पुढील सर्व पद्धती या एका वजाबाकीवर आधारलेल्या आहेत.

बाटल्यांच्या जुन्या पद्धती

नॉर्वेतील गार्डर व ग्रान यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत समुद्राचे पाणी एका पारदर्शक व एका काळ्या बाटलीत भरून मूळ खोलीवर टांगून ठेवीत. पारदर्शक बाटलीत वनस्पती प्राणवायू सोडतात. काळ्या बाटलीत केवळ श्वसनाने तो खर्च होतो. दोन्ही बाटल्यांतील प्राणवायूचा फरक म्हणजे एकूण उत्पादन. किनाऱ्याजवळच्या दाट पाण्यात व तळ्यांत ही पद्धत चांगली चालते. खुल्या समुद्रात मात्र पेशी इतक्या विरळ असतात की, हा फरक मोजमापाच्या चुकीएवढाच भरतो.

ही अडचण डेन्मार्कच्या स्टीमान नील्सेन यांनी दूर केली. 'गॅलथीया' जहाजाच्या १९५०–५२ च्या जगप्रवासात त्यांनी पाण्यात किरणोत्सर्गी कार्बन मिसळून त्याचा किती अंश वनस्पतींच्या पेशींत शिरला हे मोजले. अत्यंत अल्प उत्पादनही त्यामुळे मोजता येऊ लागले. हे उत्पादन उभ्या पिकातील कार्बनने भागले असता वाढीचा वेग मिळतो. परंतु उभ्या पिकातील कार्बन वेगळा काढणे सोपे नाही. कारण गाळणीवर वनस्पतींबरोबर प्राणी, जीवाणू व मृत कणही येतात. शिवाय बाटलीत वनस्पतींबरोबर त्यांना खाणारेही कोंडले जातात. जमा व खर्च यांची फोड अशाने होत नाही.

विरलन पद्धती

येथे असे वाटेल की, गायरानाप्रमाणे कुंपण घालावे, म्हणजे चरणाऱ्या प्राण्यांना गाळून काढावे. खुल्या समुद्रात हे साधत नाही. तेथील मुख्य चरणारे जीवही एकपेशीय असून आकाराने पुष्कळदा वनस्पतींएवढेच असतात. गाळणीने गुरे काढू गेल्यास गवतही निघून जाते.

अमेरिकेतील लँड्री व हॅसेट यांनी १९८२ साली यावर युक्ती काढली. गुरे काढता येत नसतील, तर ती विरळ करावीत. समुद्राचे काही पाणी अतिशय बारीक गाळणीतून गाळून जीवरहित करतात आणि ते मूळ पाण्यात निरनिराळ्या प्रमाणांत मिसळतात. त्यामुळे वनस्पती व त्यांना खाणारे हे दोन्ही सारख्याच प्रमाणात विरळ होतात. एकट्या पेशीच्या दुभंगण्याला शेजारी किती पेशी आहेत याच्याशी कर्तव्य नसते; म्हणून वाढीचा वेग कायम राहतो. परंतु पेशी व तिला खाणारा यांची गाठ पडण्याचा संभव विरळपणाच्या प्रमाणात कमी होतो. म्हणून चराईचा वेग घटतो. पाणी जितके विरळ, तितकी दिसणारी वाढ अधिक.

समजण्यासाठी पुढील आकडे कल्पिले आहेत. हरितद्रव्याचे माप प्रयोगाच्या आरंभी व २४ तासांनंतर घेतले आहे.

तक्ता : विरलन प्रयोगाचा नमुना

- मूळ पाणी पूर्ण : आरंभी २००, नंतर २४४; पट १.२२, दिसणारा वेग ०.२०
- मूळ पाणी निम्मे : आरंभी १००, नंतर १५७, पट १.५७, दिसणारा वेग ०.४५
- मूळ पाणी चौथाई : आरंभी ५०, नंतर ८९, पट १.७८, दिसणारा वेग ०.५८

आता आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर मूळ पाण्याचे प्रमाण व उभ्या रेषेवर दिसणारा वेग मांडावा. तिन्ही बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. ही रेषा मूळ पाण्याचे प्रमाण शून्य असेल तेथवर वाढविली असता ती ०.७० वर पोहोचते. तेथे खाणारे कोणीच नाहीत असे समजावयाचे, म्हणून ०.७० हा वाढीचा खरा वेग होय. पूर्ण पाण्यातील दिसणारा वेग ०.२० आहे. यावरून चराईचा वेग ०.५० ठरतो.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. वाढीचा वेग ०.७० म्हणजे पेशी जवळजवळ दररोज दुप्पट होत आहेत. परंतु पाण्याकडे पाहणाऱ्याला एका दिवसात शेकडा २२ एवढीच वाढ दिसते, कारण उत्पादनाचा सुमारे सात-दशांश भाग त्याच दिवशी खाल्ला जातो. हे प्रमाण अवास्तव नाही. जगातील निरनिराळ्या समुद्रांत झालेल्या अशा शेकडो प्रयोगांचा आढावा कॅल्बेट व लँड्री यांनी २००४ साली घेतला. त्यात सूक्ष्म प्राणी दररोजच्या उत्पादनाचा सरासरीने सुमारे दोन-तृतीयांश भाग फस्त करतात, असे आढळले.

घ्यावयाची काळजी

विरलन पद्धती सोपी दिसली, तरी तिच्या अटी पाळल्या नाहीत तर उत्तर चुकते.

१. खत कमी पडू नये. नत्र व स्फुरद यांचा तुटवडा असलेल्या पाण्यात खाणाऱ्यांच्या उत्सर्जनातूनच वनस्पतींना खत मिळत असते. पाणी विरळ केले की हे खतही घटते. म्हणून सर्व बाटल्यांत सारखे पोषक क्षार घालतात आणि तुलनेसाठी एक संच क्षारांविना ठेवतात.

२. भांडी अत्यंत स्वच्छ हवीत. धातूंचे सूक्ष्म अंश समुद्रजीवांना विषारी ठरू शकतात. खुल्या समुद्राच्या पाण्यातील उत्पादन पूर्वी कमी दिसे, त्याचे एक कारण उपकरणांतून मिसळणारे धातू हे होते, असे फिट्झवॉटर, नॉअर व मार्टिन यांनी १९८२ साली दाखविले. उलटपक्षी, लोहाचा तुटवडा असलेल्या पाण्यात लोहाचा अंश मिसळल्यास वाढ खोटीच अधिक दिसते.

३. प्रकाश व तापमान मूळ खोलीप्रमाणेच ठेवावे. बाटली डेकवरील उन्हात राहिली, तर पेशीतील हरितद्रव्य घटते आणि पेशी कमी झाल्याचा भास होतो. सावलीतील पान गडद व उन्हातील पान फिके असते, हे शेतकऱ्यांच्या परिचयाचेच आहे.

४. एकाच पाण्याचा पाठलाग करावा. समुद्राचे पाणी वाहते असते. आजचे व उद्याचे पाणी एकाच ठिकाणचे असले, तरी एकच नसते. म्हणून पाण्याखाली शीड लावलेला तरंगता खुणेचा बोया सोडून जहाज त्याच्या मागोमाग नेतात.

बाटलीविना होणारी मोजणी

काही जातींचे दुभंगणे दिवसरात्रीच्या तालावर चालते. प्रोक्लोरोकॉकसच्या पेशी दिवसा वाढतात, दुपारनंतर आपले आनुवंशिक द्रव्य दुप्पट करतात आणि रात्रीच्या सुमारास दुभंगतात. दर काही तासांनी पाणी काढून किती पेशी दुभंगण्याच्या तयारीत आहेत हे यंत्राने मोजले की, बाटलीत न कोंडताही वाढीचा वेग काढता येतो. निम्म्या पेशी दुभंगल्या तर संख्या दीडपट होईल व वेग ०.४१ भरेल, सर्व दुभंगल्या तर वेग ०.६९ होईल. व्होलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्ताजवळील पॅसिफिक महासागरात ही मोजणी केली व १९९५ साली प्रसिद्ध केली. तेथील निळ्याशार पाण्यात या पेशी दिवसातून सुमारे एकदा दुभंगत असल्याचे त्यांना आढळले. निळे पाणी म्हणजे सुस्त पाणी, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला.

प्राणि-प्लवकांच्या बाबतीत रीत निराळी आहे. कोपेपॉड नावाच्या लहान कवचधारी प्राण्यांच्या माद्या २४ तास पाण्यात ठेवून त्यांनी घातलेली अंडी मोजतात. पूर्ण वाढलेली मादी स्वतः फारशी वाढत नाही. तिची वाढ अंड्यांच्या रूपाने बाहेर पडते. अंड्यांतील कार्बन व मादीच्या शरीरातील कार्बन यांच्या गुणोत्तरावरून वेग निघतो.

उपग्रहावरून फार मोठा प्रदेश एकदम पाहता येतो. समुद्राचा रंग मोजणारे उपकरण १९७८ साली निंबस-७ या उपग्रहावरून प्रथम पाठविण्यात आले. भारताने १९९९ साली ओशनसॅट-१, २००९ साली ओशनसॅट-२ व २०२२ साली ओशनसॅट मालिकेतील ईओएस-०६ हे उपग्रह सोडले. परंतु उपग्रह केवळ वरच्या थराचा रंग पाहतो, म्हणजे मुख्यतः शिल्लक सांगतो. वाढीचा वेग त्यावरून काढण्यासाठी प्रकाश, तापमान व पेशींतील हरितद्रव्याचे प्रमाण यांचा हिशेब मांडावा लागतो आणि तो जहाजावरील मोजणीशी ताडून पाहावा लागतो. पावसाळ्यात अरबी समुद्रावर ढग दाटतात, तेव्हा रंगही दिसेनासा होतो.

अरबी समुद्रापासून मिळणारा धडा

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यांजवळ खोल समुद्रातील खतयुक्त पाणी वर येते आणि वनस्पती-प्लवकांचे मोठे पीक उभे राहते. हिवाळ्यात समुद्राच्या उत्तर भागात कोरड्या थंड वाऱ्यांनी पृष्ठभागाचे पाणी गार व जड होऊन खाली जाते आणि मिसळण्याच्या या क्रियेने नत्र वर येते. हे कारण गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मधुप्रताप व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली मांडले. या दोन हंगामांच्या मधल्या काळात मात्र पाणी निळे व पीक तुटपुंजे दिसते.

तरीही याच काळात वरच्या थरातील प्राणि-प्लवकांचे वजन फारसे घटत नाही, असे याच शास्त्रज्ञांना आढळले. उभे पीक पाहिले तर हे एक कोडे वाटते. ओसाड गायरानात गुरे धष्टपुष्ट कशी? याचे उत्तर शास्त्रज्ञ पुढीलप्रमाणे देतात. निळ्या पाण्यातील अतिसूक्ष्म पेशी व जीवाणू वेगाने वाढतात, एकपेशीय प्राणी त्यांना खातात आणि कोपेपॉड त्या एकपेशीय प्राण्यांवर जगतात. नव्वदच्या दशकात अरबी समुद्रात जी आंतरराष्ट्रीय पाहणी झाली, तीत वाढ व चराई यांचे वेग विरलन पद्धतीने याच कारणासाठी मोजण्यात आले.

मग निळ्या पाण्यात मासळी कमी का? अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ढोबळ मानाने दशांशच अन्न पुढे पोहोचते. जेथे मोठ्या पेशींचे डायटम असतात, तेथे तारलीसारखा मासा थेट वनस्पतींवरही ताव मारतो व पायऱ्या थोड्या असतात. जेथे अतिसूक्ष्म पेशी असतात, तेथे माशापर्यंत पोहोचण्यास दोन-तीन पायऱ्या अधिक लागतात. अमेरिकेच्या जॉन रायथर यांनी १९६९ साली हा मुद्दा स्पष्ट केला होता. मासळीचे प्रमाण केवळ हिरवेपणावर ठरत नाही आणि केवळ वाढीच्या वेगावरही ठरत नाही. वाढलेले पीक कोण खातो, यावर ते ठरते.

गावातील सभेत दाखवावयाचा प्रयोग

याकरिता फक्त मूठभर ज्वारीचे दाणे लागतात. ताटात २० दाणे ठेवावेत. श्रोत्यांना पाठ फिरविण्यास सांगून दाणे दुप्पट करावेत आणि त्यांतील निम्मे काढून घ्यावेत. ताटात पुन्हा २० दाणेच राहतील. असे तीनदा करून श्रोत्यांना विचारावे, पीक वाढले काय? ते नाही म्हणतील. मग काढलेल्या ६० दाण्यांचा ढीग त्यांच्यासमोर ठेवावा. दुसऱ्या वेळी दुप्पट केल्यावर निम्म्याऐवजी चौथाई दाणे काढावेत. ताटात २० चे ३० व ३० चे ४५ होतील. वाढीचा वेग दोन्ही वेळा एकच होता. फरक केवळ खर्चात होता.

संभाव्य मत्स्यक्षेत्राची सूचना समजावून सांगताना या ताटाचे स्मरण द्यावे. सूचना मासे कोठे गोळा झाले असावेत हे सांगते आणि इंधन व वेळ वाचविते. म्हणून ती अवश्य वापरावी. परंतु समुद्र किती देऊ शकेल हे ती सांगत नाही. हिरवा पट्टा दिसला म्हणून मासळीचा साठा वाढला असे समजून लहान आसाची जाळी टाकणे किंवा बंदीच्या काळात समुद्रात जाणे म्हणजे शिल्लक पाहून जमेचा अंदाज बांधण्यासारखे आहे. प्लवक एका दिवसात दुप्पट होतात. माशांच्या पिल्लांना वाढण्यास महिने व वर्षे लागतात.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. पाण्याचा हिरवेपणा हे उभे पीक होय; वाढीचा वेग नव्हे.

२. दिसणारा बदल म्हणजे वाढीतून चराई व इतर नाश वजा केल्यावर उरलेली बाकी.

३. विरलन पद्धतीने वाढ व चराई वेगवेगळ्या काढता येतात.

४. खुल्या समुद्रातील निळे पाणी आळशी नसते. तेथे जमा व खर्च दोन्ही मोठे असतात.

उजळणीसाठी प्रश्न

१. एका बाटलीत ५०० पेशींच्या दोन दिवसांत २,००० पेशी झाल्या. वाढीचा दैनिक वेग व दुप्पट होण्याचा काळ काढा. (उत्तर : ०.६९, १ दिवस.)

२. वाढीचा वेग ०.६० व चराईचा वेग ०.६० असल्यास पाण्याचा रंग कसा राहील? तेथे उत्पादन शून्य आहे असे म्हणता येईल काय? का?

३. आपल्या गावाच्या गायरानात गवताची खरी वाढ मोजावयाची असल्यास काय कराल? तीच युक्ती समुद्रात का चालत नाही?